अतिचंचल मुलांआधी पालकांचे गट भरवा

महोदय,

अवधानाची कमतरता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलाला समूह वर्तनोपचाराला घालावे का, असे आमच्या शाळेतील पालक हल्ली वरचेवर विचारतात. सुटीच्या दिवशी मुलाला एखाद्या केंद्रात सोडायचे, तिथे त्याने चार मुलांत बसून पाळी येईपर्यंत थांबायला व राग आवरायला शिकायचे आणि काही महिन्यांत शहाणे होऊन घरी यायचे, अशी त्यांची अपेक्षा असते. ती बहुधा फोल ठरते. अशा मुलांना दिल्या जाणाऱ्या सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणावरील २५ संशोधन-चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा उपचाराच्या दृष्टीने मोलाचा म्हणावा असा फरक आढळला नाही. मला याचे एक कारण असे दिसते की, नियम ठाऊक नसणे ही या मुलांची अडचण नसतेच. मध्येच बोलू नये, हे त्यांना तोंडपाठ असते. नेमक्या त्या क्षणी स्वतःला थांबवणे मात्र जमत नाही, आणि उशिरा मिळणाऱ्या बक्षिसाचा वा शिक्षेचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून मदत हवी ती वर्तन घडते तिथेच, घरात आणि वर्गात.

तेव्हा गट भरवायचाच तर आधी पालकांचा भरवावा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे गट-प्रशिक्षण हीच उपचाराची पहिली पायरी सांगितली आहे. एका वेळी एकच सूचना देणे, चांगले वागल्याबरोबर नेमके काय आवडले ते सांगून कौतुक करणे, किरकोळ खोड्यांकडे ठरवून दुर्लक्ष करणे, गुण साठवून छोटी सवलत मिळवू देणे, या प्रशिक्षणातल्या गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात. दमून घरी आलेल्या आईला त्या रोज पाळणे अवघड जाते, आणि तिथेच गटाचा आधार होतो. ‘तूच लाडावून ठेवलास’ हे घरादाराकडून ऐकत आलेली बाई तशाच दुसऱ्या बाईशेजारी बसते, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलते. (वडील अशा बैठकांना क्वचितच फिरकतात, हेही नोंदवले पाहिजे.) जोडीला शिक्षकांनी दोन-तीन ठरावीक उद्दिष्टांची नोंद करून रोज घरी पाठवायची दैनंदिन वर्तनपत्रिका असावी.

यामुळे औषधे अनावश्यक ठरतात, असे मात्र कोणी समजू नये. ५७९ मुलांवरील अमेरिकेतील एमटीए अभ्यासात (१९९९) मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा काटेकोर देखरेखीखालील औषधोपचार अधिक परिणामकारक ठरला होता. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

मुलांची आरोग्यतपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून या विकाराचा समावेश आहे. पण चंदगडच्या पालकाला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून, एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी सोसून, उपचारासाठी दर आठवड्याला कोल्हापूर गाठणे कसे परवडणार? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नसल्याने त्या वाटेने मिळणाऱ्या सवलतीही या निदानावर मिळत नाहीत. एका शाळेत गटापुरते पालक मिळणार नाहीत. शाळांच्या एका केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, मात्र सहज मिळतील. जिल्हा परिषद व महापालिकेच्या शिक्षण विभागांनी केंद्रशाळेत असे गट सुरू करावेत, कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांचे मार्गदर्शन करावे आणि शिवाजी विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे देखरेखीखाली काम द्यावे. शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतच उरकता येईल, त्यासाठी वेगळा खर्च नको. येत्या जूनपासून चंदगड वा गगनबावड्यातील एका केंद्रात हा प्रयोग करून पाहावा. बैठकीची वेळ मजुरी सुटल्यानंतरची असावी आणि पालकांची नावे फलकावर लावू नयेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर