अण्णांची बायपास: कानाचं मशीन विसरू नकोस

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अण्णा तुला ओळखणार नाहीत, "मला कोंडलंय" म्हणून सलाईन ओढतील, असं होऊ शकतं. जुनी माणसं याला वात झाला म्हणायची, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. पण ते टाळायची तयारी आत्ताच हवी.

भूलतज्ज्ञांना त्यांचे रोजचे दोन पेग आणि रात्रीची झोपेची गोळी, दोन्ही स्पष्ट सांग. घरचे लाजेनं दडवतात आणि तिथंच घात होतो. दारू एकदम सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात. एरवी डिलिरियममध्ये जी झोपेची औषधं टाळतात, तीच तेव्हा द्यावी लागतात. खरं माहीत नसेल तर डॉक्टर ओळखणार कसं?

ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन काढून पिशवीत घालून नातेवाइकांना देतात. ती पिशवी घरी जाते आणि कपाटातच राहते. मशीनच्या डबीवर चिकटपट्टी लावून नाव लिही, जादा सेल ठेव. घशातली नळी निघाली की सिस्टरला विचारून मशीन कानात आणि चष्मा डोळ्यांवर. मास्कमुळे कुणाचे ओठ दिसत नाहीत. ऐकू न येणारा माणूस तिथं पार एकटा पडतो.

भेटीत "ओळखलंत का मला?" असं विचारू नकोस. "अण्णा, मी मेघना. आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजलेत, ऑपरेशन नीट झालंय," असं सांग. भास होत असतील तर वाद नको. दिवसा पडदा उघडा ठेवायला आणि खुर्चीत बसवायला सांग. रात्री दिवा मंद, मशीन काढून डबीत. दुखणं सोसू देऊ नकोस, लघवीची नळी कधी निघणार ते रोज विचार. सर्दीची गोळीसुद्धा घरून द्यायची नाही, काहींनी गोंधळ वाढतो.

आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. घास तोंडात तसाच धरून गप्प पडलेला नजरेतून सुटतो, तोही डिलिरियमच असू शकतो. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, सिस्टरला नाही. "हे नेहमीसारखे नाहीत" एवढं म्हटलंस तरी त्या तपासतील. लक्ष लागतंय का ते पाहायला हात हातात घेऊन अक्षरं म्हणतात, ठरलेल्या अक्षराला हात दाबायला सांगतात. तोंड वाकडं झालं, एका हातातला जोर गेला किंवा जीभ जड झाली तर मात्र त्याच क्षणी हाक मार, तो स्ट्रोक असू शकतो.

सेल आजच आण. जुना सेल दुकानात दाखव, आकार चुकतो.

तुझी,
आई