तुझं ते "दोनच"

बाळा,

शनिवारी व्हिडिओ कॉलवर तू बोलता बोलता बोलून गेलास, "काही नाही अण्णा, मित्राचा बर्थडे होता, दोनच बिअर घेतल्या, गाडी मीच चालवत आणली, सगळे नीट पोचलो." मागं तुझे रूममेट बसलेले म्हणून मी गप्प बसलो, पोराला चारचौघांत बोलायचं नसतं. पण फोन ठेवल्यापासून ते "दोनच" काही डोक्यातून जाईना, दोन रात्री झोप नाही, शेवटी ताईचा लॅपटॉप घेऊन टाईप करायला बसलोय. तू प्यायलास म्हणून हे लिहीत नाहीये. चोवीस वर्षांचा झालास, तुझं तू बघशील. पिऊन स्टेअरिंगला हात लावलास, म्हणून लिहितोय.

हा शब्द मी आधी एकदा ऐकलाय, तुम्हा कोणाला कधी सांगितलं नाही. २००९ चा पावसाळा. स्वारगेट-सातारा शेवटची गाडी घेऊन खंबाटकी घाट चढत होतो, वरच्या वळणाला बंद पडलेला ट्रक आणि त्याच्या पाठीत घुसलेली एक कार. मी गाडी बाजूला घेतली, कंडक्टर बॅटरी घेऊन धावला. कार चालवणारा पोरगा बाहेर उभा होता, अंगावर ओरखडा नाही, शर्ट सुद्धा इन केलेला तसाच. त्याने माझी बाही धरली ती सोडेचना, "काका दोनच घेतल्या होत्या हो, दोनच," एवढंच परत परत. खोटं बोलत नसावा, दोनच घेतल्या असतील. डाव्या सीटवरचा त्याचा मित्र हलत नव्हता. गाडीची काच फुटून गेलेली पण वायपर चालूच होता, फुटक्या काचेवर खर्र खर्र करत फिरत होता, मी आत हात घालून चावी फिरवली तेव्हा थांबला. तो मित्र दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. मी रात्री अडीचला घरी आलो तेव्हा तू झोपलेला होतास, तुझ्या उशाशी बराच वेळ बसलो, आईला वाटलं मला ताप आलाय.

म्हणून तुझं दोनच ऐकलं तेव्हा मला तो वायपर ऐकू आला. बाकी काही नाही.

मग ताईला म्हणलं मला तिथला कायदा वाचून दाखव. चार दिवस रात्री जेवण झाल्यावर ती वाचायची, मराठीत सांगायची आणि मी वहीत उतरवायचो. ॲरिझोना हे अमेरिकेतल्या सगळ्यात कडक राज्यांपैकी एक आहे, हे तुला तिथल्या टेम्पी शहरात राहून दीड वर्ष झालं तरी माहीत नसेल तर आता नीट वाच.

तुम्हा पोरांना एकच आकडा पाठ असतो, पॉइंट झिरो एट. म्हणजे १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे तुम्हाला वाटतं तिकडे सूटच आहे. पण ॲरिझोनाच्या कायद्यात ०.०८ च्या शेजारीच दुसरं कलम आहे, दारूमुळे माणसाच्या गाडी चालवण्यावर किंचित जरी परिणाम झालेला असेल तरी गुन्हा. किंचित हाच शब्द आहे. मशीनवर ०.०६ आला आणि पोलिसाने पाहिलं की तू लेन सोडून गेलास, सांगितल्याप्रमाणे सरळ रेषेत नऊ पावलं चालून वळताना झोक गेला, तर त्या "किंचित" खाली तू सापडू शकतोस. आणि ०.०८ सुद्धा त्या क्षणाचाच लागतो असं नाही, गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आतला धरतात. तुझ्या फ्लॅटमधला तो धाकटा पोरगा अजून २१ चा झाला नाही ना, त्याला तर एक थेंबही चालत नाही, त्यालाही हे दाखव.

आता तुझ्या दोन बिअरचा हिशोब. तिकडे एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधी ५ टक्केवाली ३५५ मिलीची बिअर किंवा ४४ मिली व्हिस्की. तू म्हणालास त्या मिल अव्हेन्यूवरच्या बारमध्ये मोठ्या ग्लासात क्राफ्ट बिअर देतात. तो ग्लास ४७३ मिलीचा आणि बिअर साडेसात टक्क्यांची असेल तर त्या एका ग्लासात दोन ड्रिंक झाले, म्हणजे तुझे दोनच म्हणजे चार. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलीचा, तोही त्यांच्या हिशोबाने एकापेक्षा जास्त भरतो. आणि शरीरातून उतरायला वेळ लागतो रे, तासाला साधारण ०.०१५, त्याला कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ कशाचाही उपयोग नाही. रात्री दोनला ०.१६ असलेला माणूस सकाळी सातला लेक्चरला निघाला तर तेव्हाही तो ०.०८ च्या आसपासच असणार. झोप झाली म्हणजे उतरली असं नसतं. आम्हाला डेपोत ड्युटीच्या आधी मशीनमध्ये फुंकायला लावायचे तेव्हा रात्रीची पिऊन सकाळी आलेले सापडायचे, आणि ती माणसं अगदी शुद्धीवर बोलत असायची.

शिक्षा मी वहीत लिहिल्या तशा सांगतो. पहिल्यांदा पकडला गेला तर कायद्याने कमीत कमी १० दिवस जेल, त्यातले ९ दिवस कोर्ट माफ करू शकतं जर दारूची तपासणी आणि उपचाराचा कोर्स पूर्ण केला तर, पण एक दिवस तरी आत. जास्तीत जास्त सहा महिने. दंड कागदावर २५० डॉलर, पण त्यावर सरचार्ज, शिवाय ५०० डॉलर राज्याच्या जेल बांधायच्या फंडाला आणि आणखी ५०० वेगळे, आणि जेलमध्ये ठेवण्याचा खर्चही कोर्ट तुझ्याकडूनच मागू शकतं. लायसन्स ९० दिवस सस्पेंड. त्यानंतर गाडीत मशीन बसवायचं, साधारण वर्षभर, त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि चालू झाल्यावर पण मधे मधे फुंकायला लावतं. हे ०.०८ ला. ०.१५ गेला की ३० दिवस जेल, ०.२० गेला की ४५ दिवस. सात वर्षांत तिसऱ्यांदा, किंवा लायसन्स सस्पेंड असताना पिऊन चालवली, किंवा गाडीत १५ वर्षांखालचं मूल होतं, किंवा चुकीच्या दिशेने हायवेला घुसला, तर मोठा गुन्हा, तो जन्मभर मागं लागतो. आणि कोणी मेलं तर मनुष्यवधात ७ ते २१ वर्षं. हे वाचताना ताई थांबली, मग मीच म्हणलं पुढं वाच.

दोन गोष्टी मला नवीन होत्या. एक म्हणजे गाडी चालवायलाच हवी असं नाही. पिऊन ड्रायव्हर सीटवर बसला, चावी लावलेली, इंजिन चालू, तर गाडी तुझ्या ताब्यात होती असं धरून केस करू शकतात. तिकडं उन्हाळ्यात रात्रीसुद्धा अंग भाजतं, तू सांगतोस ना, मग पोरं म्हणतात एसी लावून गाडीतच झोपू. प्रत्येक वेळी शिक्षा होतेच असं नाही, नुसता आसऱ्याला बसला होता का ते ज्युरी बघते, पण ज्युरीपर्यंत जायचंच कशाला. दुसरं म्हणजे तपासणीला नाही म्हणायचं हा जो सल्ला तुम्ही एकमेकांना देता तो. नाही म्हणलं की लायसन्स १२ महिने जातं, आणि ते जजकडून वॉरंट घेऊन रक्त काढतातच, तिथले काही पोलिस स्वतःच रक्त काढायचं ट्रेनिंग घेतलेले असतात. दोन बाटल्या काढतात, एक तुझ्या वकिलासाठी राखून ठेवायची. वकील मागायचा तुला हक्क आहे, तो माग, पण शांतपणे, हात दिसतील असे ठेवून. आणि काहीतरी देऊन मिटवू हा विचारसुद्धा मनात आणू नकोस. पोलिसाला पैसे दाखवणं तिथं वेगळा गुन्हा आहे, आणि सरकारी वकिलाला पण केस दुबळी असल्याशिवाय सोडून देता येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला काय झालं ते तू वाचलंच होतंस, तेव्हा तू पुण्यातच होतास. अल्पवयीन पोराने पोर्शे गाडी अंगावर घातली, दोन इंजिनिअर पोरं गेली, तुझ्याच वयाची, तुझ्याच लाईनची. पहिला जामीन ३०० शब्दांच्या निबंधावर, आणि मग रक्ताचा नमुनाच बदलल्याचं बाहेर आलं. तेव्हा तू किती तळमळून बोलला होतास जेवताना, हात धुवायचा विसरलास. तो राग खरा होता बाळा. म्हणून मला शनिवारी समजेना की तोच हा पोरगा आहे का.

आणि व्हिसा. हे मी सगळ्यात शेवटी वाचलं आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलं. २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा नियम आहे, पाच वर्षांच्या आत पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक जरी कळली तरी व्हिसा रद्द करू शकतात. अटक. शिक्षा व्हायची वाट बघत नाहीत. व्हिसा रद्द झाला म्हणजे लगेच विमानात बसवतात असं नाही, बहुतेक वेळा तिथं राहून शिकता येतं, पण एकदा का घरी आलास की परत जायला नवीन व्हिसा, नवीन मुलाखत, त्यांच्या डॉक्टरकडे तपासणी, आणि फॉर्मवर कधी अटक झाली होती का याला हो लिहायचं. ताईचं लग्न डिसेंबरात आहे. तू कार्याला यायचं की तिकडंच बसायचं हे ठरवायची वेळ या घरावर येऊ देऊ नकोस. २०२५ च्या वसंतात किती पोरांची नोंद परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी सिस्टीममधून काढून टाकली होती, काहींच्या नावावर किरकोळ जुनी पोलिस केस होती एवढंच, नंतर कोर्टात जाऊन परत मिळाली, पण त्या पोरांच्या आईबापांचे ते दिवस कसे गेले असतील. कर्जाचं मी बोलत नाही, घर गहाण आहे ते फेडू आपण, तो माझा आणि बँकेचा विषय आहे.

एक गोष्ट मला वहीत लिहिताना बरी वाटली. हे कायदे तिकडंही कायम असे कडक नव्हते. १९८० साली कॅलिफोर्नियात कँडेस लाईटनर नावाच्या आईची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याने चालत जात होती, पिऊन चालवणाऱ्याने उडवली, आणि तो माणूस आधीच्या तसल्याच केसमधून दोन दिवसांपूर्वी जामिनावर सुटलेला. त्या बाईने आयांची संघटना काढली, राज्याराज्यात जाऊन बोलली. १९८४ ला पिण्याचं वय सगळीकडे २१ करायला लावलं, जे राज्य ऐकणार नाही त्याचा रस्त्याचा निधी कापायचा. २००० साली तसाच ०.०८ चा कायदा झाला. तरीही २०२२ मध्ये तिकडं अशा अपघातांत १३,५२४ माणसं मेली. एवढा कायदा असून. म्हणजे पोलिस सगळीकडे पोचत नाही, ते "दोनच" वालं माणूसच त्या क्षणी एकटं असतं आणि हातात चावी असते.

मी ३१ वर्षं एसटी चालवली. डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलवली नाही, त्यात मागं पन्नास माणसं आहेत आणि मला सगळी दिसत नाहीत हे मनात असायचं. तुझ्या गाडीत चार पोरं होती शनिवारी. त्यांच्या घरीही कोणीतरी फोनची वाट बघत होतं.

तू मला मागं दाखवलं होतंस ना ती वेमोची टॅक्सी, सीटवर कोणी नाही आणि स्टेअरिंग आपोआप फिरतंय, मी तेव्हा म्हणलं होतं मी असल्या गाडीत मेलो तरी बसणार नाही. ते मी मागं घेतो. प्यायला असशील तर तिच्यात बस. उबर कर, लाईट रेल चालू असेल तर तिने ये, तीन मैल चालत ये, गाडी तिथंच राहू दे आणि दुसऱ्या दिवशी टोइंगचे पैसे लागले तर ते मी देतो, मी विचारणार नाही किती प्यायलास. आणि काहीच जमलं नाही तर मला फोन कर. ॲरिझोनात घड्याळ मागंपुढं करत नाहीत, मी बघून ठेवलंय, बाराही महिने साडेबारा तासांचाच फरक. तुझे रात्रीचे दोन म्हणजे आमचे दुपारचे अडीच. मी जेवून ओट्यावर बसलेला असतो, फोन माझ्या खिशातच असतो.

तुझे,
अण्णा