आई-बाबा, रापी मी हातात घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आईचं "जेवली का, काय केलं होतं" यातच सगळं बोलणं संपतं. म्हणून लिहिते आहे. तुम्ही दादाकडे आहात, तर तोच वाचून दाखवील. बाबांच्या गुडघ्याचे टाके निघेपर्यंत मी मुद्दाम थांबले. ऑपरेशनच्या आधी तुमच्या डोक्याला घोर नको होता.

पुण्याची नोकरी मी सोडली आहे. दिवाळीला आले ती परत गेलेच नाही. आता आपल्या घरीच राहणार आहे. पुढच्या खोलीत काम मांडलं आहे. जुने कातडी पट्टे, कमरेचे, वापरून टाकलेले, ते विकत घ्यायचे आणि त्यांची मनगटात घालायची ब्रेसलेट करायची. होय बाबा, कातड्याचंच काम. माळ्यावरची पेटी मी खाली काढली. तुमची कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, लोखंडी तिपाई, सगळं जसंच्या तसं आहे. रापीला थोडा गंज होता, तो काढला.

तुमचा चेहरा मला इथून दिसतो आहे. दादाच्या दहावीच्या निकालादिवशी तुम्ही ती पेटी वर टाकली आणि म्हणाले, "हे काम माह्यापाशीच संपलं पाह्यजे." मी तेव्हा दारात उभी होते. पाटलांच्या ओट्याची गोष्ट मला माहीत आहे. चहाच्या कपाची पण. आई कधी बोलली नाही, पण मला माहीत आहे. त्यातलं काहीच विसरून मी हे करत नाही. तुमचं काम वाईट होतं म्हणून तुम्ही ते सोडलं नाही, ते ज्या जागी बसून करावं लागायचं ती जागा वाईट होती. मी त्या जागेवर बसलेली नाही. मी माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसते, किंमत मी सांगते, पटली तर घ्या. तुम्ही शिकवलं नसतं तर मला हे जमलं नसतं, हिशेबही आणि तोंड वर करून भाव सांगणंही. तुमचे कष्ट वाया गेले असं मनात सुद्धा आणू नका.

आईसाठी आधी हे सांगते की घरात वास अजिबात नाही. कच्चं कातडं येतच नाही. पट्टा कमावलेला असतो, कोणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला असतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांकडे पँटीबरोबर पट्टे येतात, वर्ध्याच्या भंगारवाल्यांकडेही मिळतात. वीस-तीस रुपयांना एक. त्यात निम्म्याहून जास्त फसवे निघतात, वरून चकचकीत आणि आत पुठ्ठा नाहीतर रेक्झिन. म्हणून घेतानाच मी कापलेली कडा बघते. खरं कातडं असेल तर कडेला धागे धागे दिसतात, थर सुटत नाहीत. शंका आली तर टोकाचा बारीक तुकडा जाळून बघते: खऱ्याला केस जळाल्यासारखा वास येतो, खोट्याला प्लास्टिकचा. हे तुम्ही बाजारात उभं राहून करायचात, मी तुमच्या मागून बघायची.

मग ओल्या फडक्याने घाम-मळ काढायचा आणि सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, उन्हात तडकतं. वरून एरंडेलाचं बोट, अगदी पातळ. जवसाचं तेल घरात होतं, ते लावायचा मोह झाला होता, पण जवस वाळताना चिकट थर धरतं, म्हणून नको. बकलाजवळचा दुमडलेला भाग आणि भोकांचा भाग सोडला तर चाळीस इंची पट्ट्यात सहज तीन ब्रेसलेट बसतात, कधी चार. बायकांचं मनगट साधारण सहा-साडेसहा इंच, पुरुषांचं सात-साडेसात. त्यावर अर्धा इंच सैल आणि बटणापुरतं पाऊण इंच. पट्टा रुंद असेल तर लांबीत चिरून दोन नाजूक होतात. टोकं रापीने तासून पातळ करायची, नाहीतर बटणाशी ढेकूळ येतं. शिलाई दोन सुयांची, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून. एक दोरा तुटला तरी उसवत नाही, मशीनच्या शिलाईचं तसं नसतं. शेवटी कडेला पाणी लावून, मेण लावून फडक्याने घासत बसायचं, काचेसारखी चमक येईपर्यंत. या घासण्यात वेळ जातो, पण मला तेच सगळ्यात आवडतं.

कोणाच्या तरी पट्ट्यावरची सुरकुती, बकलाचा दाबलेला डाग, मी मुद्दाम ठेवते. लोक तेच मागतात. वर्ध्याच्या कॉलेजची पोरं-पोरी घेतात, सेवाग्राम बघायला आलेले लोक घेतात, काही पार्सलने जातात. अडीचशेला एक. पुण्याच्या पगाराइतके अजून होत नाहीत, खोटं सांगणार नाही, पण तिथे भाडं आणि डबा जाऊन हातात काय राहायचं ते आईला ठाऊक आहे. कर्ज काढलेलं नाही. पुढे गरज पडलीच तर चर्मकारांसाठीचं आपलं रोहिदास महामंडळ आहे, १९७४ पासूनचं, तिथे विचारीन. सावकाराच्या दारात जाणार नाही, ही तुमची शपथ.

आजोबा नालवाडीच्या चर्मालयाची गोष्ट सांगायचे, आठवतं? १९३०च्या दशकात गांधीजी-विनोबांच्या माणसांनी वर्ध्याला लागून ते चालवलं, आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं कमावायला. ज्यांच्या घरात कोणी कधी कातड्याला हात लावला नव्हता अशी माणसं तिथे ते काम शिकली. आजोबांना त्याचं केवढं कौतुक होतं! आणि आजोबांच्या पाणी काढायच्या कातडी मोटा गेल्या त्या विहिरीवर इंजिन आलं म्हणून. त्यांच्या हातात कमी नव्हती.

बाबा, तान्ह्या पोळ्याला तुम्ही माझ्या लाकडी बैलाला बोटाएवढा पट्टा शिवला होता, एक घुंगरू लावून. सगळ्यांच्या बैलांना झेंडूच्या माळा, आणि माझ्याच बैलाच्या गळ्यात खरा पट्टा. मी तो रात्री हातात बांधून झोपले होते आणि आई म्हणाली होती, "काऊन वं, बैल आहेस का तू?" मला वाटतं तेव्हापासूनच हे माझ्या डोक्यात आहे. खिळे वेगळे करून डालड्याच्या डब्यात टाकायचं काम तुम्ही मला द्यायचात आणि मी किती मोठी झाले असं मला वाटायचं.

माझी काळजी करू नका. मी खाली बसत नाही. टेबल कमरेएवढं करून घेतलं, खुर्ची आहे, दिवा चांगला आहे. तुमचे गुडघे कशाने गेले ते मी पाहिलं आहे. रात्री शेजारची काकू झोपायला येते. परसातलं वांगं चांगलं आलं आहे, तुरीचे दाणे सोलून भाजी करते, भाकर दोन्ही वेळ. छपराची ती कोपऱ्यातली कवेलू बदलून घेतली.

आता नीट ऐका. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळ करायचे, दुखतं म्हणून सोडायचे नाहीत. पाय वाकवायला आज जमलं नाही तर पुढे अवघड जातं, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं आहे. मांडी घालून बसायचं नाही, जेवायला सुद्धा नाही, पाटावर बसायचा हट्ट नको. तंबाखूचा खर्रा बंद म्हणजे बंद. दादाच्या कॉलनीतल्या पानठेल्यावर कोण जाऊन आणून देतं ते मला कळलं आहे, मी त्या पोराशी पण बोलणार आहे. आईने बीपीची गोळी स्वतःच अर्धी करायची नाही. वहिनी कामावर गेली की भांडी घासायला बसू नकोस, बाई येते ना. आणि दादाकडे तुम्ही ओझं आहात असं एकमेकांशी कुजबुजू नका, त्याला ऐकू येतं आणि त्याला वाईट वाटतं. थंडी उतरली की तुम्हाला न्यायला मीच येईन. तुमचा पलंग खिडकीशी लावून ठेवला आहे, संडासात कमोड बसवून घेतला आहे.

बाबा, रागावलात तर रागवा, पण बोला. मला एक अडतं आहे. दोऱ्याला लावायचं मेण नुसतं लावलं तर उन्हाळ्यात सुटेल असं वाटतं. तुम्ही त्यात राळ घालायचात. किती घालायची, आधी काय वितळवायचं, आणि तेलाचा थेंब कधी टाकायचा, हे दादाला फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. इतरांनी सांगितलेलं मला नको.

तुमची,
बेबी

ता. क. दादाच्या कपाटात जुने पट्टे असतील तर पिशवीत भरून ठेवायला सांगा. रेक्झिनचे नकोत, बाबांनी कडा बघूनच ठेवावेत. एसटीने संत्री पाठवते आहे, बाबांना दिवसाला एकच.