होल्स्टचा ‘मेघदूत’ रामटेकला ऐकू यावा

महोदय,

आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाचे स्मरण होताना गुस्ताव्ह होल्स्ट (१८७४–१९३४) या इंग्रज संगीतकाराचे नाव मात्र क्वचितच निघते, याची खंत वाटते. उजव्या हाताच्या दुखण्यामुळे पियानोवादक होण्याची आशा सोडून ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आणि पुढे लंडनमधील मुलींच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या या माणसाने केवळ मूळ काव्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून संस्कृतचे धडे घेतले, शब्दकोश जवळ ठेवून ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत आणली आणि ती समूहगानासाठी स्वरबद्ध केली. स्त्रीस्वर आणि हार्प यांच्यासाठी रचलेली सूक्ते तर मला विशेष प्रिय आहेत.

‘मेघदूता’वर त्याने वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी सुमारे पाऊण तासाची रचना केली. १९१३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ती प्रथम सादर झाली, पण तिचे स्वागत थंड झाले आणि होल्स्ट फार निराश झाला. पुढे ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदासाठीच्या रचनेने त्याला कीर्ती दिली, ही रचना मागेच राहिली.

अनेक अभ्यासक रामटेकलाच यक्षाचा रामगिरी मानतात. तेथील कालिदास महोत्सवात या रचनेतील निदान एखादा भाग ऐकवावा, अशी आयोजकांना विनंती आहे.

– एक वाचक, नागपूर