नागीण बाहेरून येत नाही, ती आतच बसलेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'इम्युनिटी वाढवा, व्हायरस पळवा' वाचलं. काढ्याबद्दल माझं काही भांडण नाही, पण काही व्हायरस पळतच नाहीत त्याचं काय?

वडील ७४ वर्षांचे. गेल्या वर्षी उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली, आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी, मग पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला आणि अख्ख्या गल्लीने निदान केलं, नागीण! डॉक्टरकडे नेऊ नका, उतरवून घ्या, तोंडाला शेपूट मिळालं तर माणूस जातो. झालं, काव लावण्यात चार दिवस गेले. (मी पण गप्प बसलो, खोटं कशाला सांगू.) नंतर डॉक्टर म्हणाले की व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त फायदा होतो. उशीर झाला तरी दिल्या, पण फोड सुकून आठ महिने झाले तरी वडील अजून तिथे बनियन टेकू देत नाहीत.

मग मी वाचायला बसलो. हा व्हायरस कांजिण्यांचाच, वडिलांना लहानपणी आलेल्या त्याच. तोच अंगात दडून राहतो आणि म्हातारपणी पुन्हा उठतो, हे १९६५ साली होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने मांडलं. एरवी पेशीत व्हायरस शिरला की ती त्याच्या प्रोटीनचे तुकडे बाहेरच्या बाजूला टांगते, ते बघून टी-सेल्स (रक्तातल्या पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिला मारतात. हा पठ्ठ्या काय करतो, तुकडे टांगायची ती खुंटीच आतल्या आत अडवून ठेवतो. आणि कांजिण्या बऱ्या होईपर्यंत मणक्याशेजारच्या नसांच्या गाठींत जाऊन बसतो, तिथे जवळजवळ काहीच प्रोटीन बनवत नाही, मग पहारेकऱ्याला दिसणार काय? पन्नास-साठ वर्षं नुसता पडून. वयाने टी-सेल्सचा पहारा ढिला पडला की त्याच नसेवरून खाली कातडीत उतरतो. एका गाठीची नस शरीराच्या एकाच बाजूला जाते म्हणून पट्टा मध्यावर थांबतो, वेढा पूर्ण होत नाही तो कावेमुळे नाही!

पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीवरची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. स्वस्त नाही, पण आमच्या डॉक्टरांनी आधी कधी विषय काढला नव्हता आणि तुमच्या पुरवणीतही नव्हता. पुढच्या वेळी गुळवेलीच्या शेजारी निदान ७२ तासांची एक ओळ छापा. कपाळावर किंवा नाकावर फोड आले तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, हेही.

आपला,
एक जुना वाचक, कराड

ता.क. फोड ओले असताना नातीला आजोबांपासून लांब ठेवलं तेव्हा बायका हसल्या. त्या पाण्यातून नागीण नाही, पण कांजिण्या न झालेल्या पोराला कांजिण्या होऊ शकतात.