उत्तरेकडे निघण्यापूर्वी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

नेत्रावती एक्स्प्रेसने काल ठाण्याला सुखरूप उतरले. गुडघ्याची सूज ओसरली आहे, तेव्हा त्याची चौकशी पुन्हा नको. रेल्वे डोंगरांतून येते आणि समुद्र फारसा दिसत नाही, पण मी खिडकीशी बसून प्रत्येक स्थानकाला आपले बंदर जोडत होते. कुडाळ आले की मालवण, रत्नागिरी आले की मिरकरवाडा. जाताना जे अंतर आपण शिडाच्या बोटीने, वाऱ्याच्या मर्जीने, नांगर टाकत आणि उचलत कापले, ते गाडी एका दिवसात मागे टाकते, याचे मला वाईटच वाटले.

कोचीच्या धक्क्यावर तू म्हणालीस, "केदारला रजा नाही, तू उतरतेस, तर बोट मी आणि रुही परत नेतो." तेव्हा मी फक्त मान हलवली. तुझ्या निर्णयाला माझा विरोध नाही, हे आधी लिहून ठेवते. जयगडच्या तोंडाशी आपण काळोखात पोचलो, सगळे थकले होते, केदार आत शिरू या म्हणत होता, आणि तू मात्र मोठ्या जहाजांची ये-जा आणि अंधारातली जाळी पाहून उजाडेपर्यंत बाहेरच थांबायचे ठरवलेस. त्या रात्री मला तुझ्यात आबा दिसले. ते निम्मे आयुष्य मचव्यावर राहिले, पण अनोळखी खाडीत रात्री कधी शिरले नाहीत. तू त्यांना पाहिलेही नाहीस, तरी हे तुझ्यात कुठून आले, याचे मला अजून नवल वाटते.

मला सारा प्रवास आठवतो. मुंबई सोडल्यावर सकाळच्या उजेडात खांदेरी दिसली आणि मी हात जोडले, तेव्हा रुहीने विचारले म्हणून तू तिला १६७९ साली महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथे तटबंदी कशी उभी केली ते सांगितलेस. पण मी हात जोडले होते ते तिथल्या वेताळाला, कारण आबा त्याला नारळ दिल्याशिवाय पुढे जात नसत. विजयदुर्गाला वाघोटणच्या खाडीत नांगर टाकल्यावर पाणी इतके शांत होते की मी निघाल्यापासून प्रथमच पूर्ण रात्र झोपले. मलप्याच्या समोर सेंट मेरी बेटांवरचे ते बहुकोनी काळे खडकांचे खांब, लाव्हा थंड होताना आकसून तडकला म्हणून तसे झालेले, मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर काढले होते आणि हात मात्र या वयात लावला. बेपूरला नदीकाठी सागवानी उरूचा, त्या मोठ्या लाकडी गलबताचा, सांगाडा पाहून तू बराच वेळ बोलली नव्हतीस. कोचीच्या चिनी जाळ्यांची छायाचित्रे मावशीला पाठव, ती रोज विचारते.

आणि मालवण सोडल्यानंतरची रात्र. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे दीपगृह लांबून फिरत होते, चंद्र नव्हता, आणि पाण्यात नॉक्टिल्युकाचा निळसर उजेड होता. बोट पाणी ढवळील तिथे ते सूक्ष्म जीव पेटून उठत होते. इतके सुंदर मी दुसरे काही पाहिलेले नाही. ते पाहायला तू नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला, धावलीस, गुडघे टेकून खाली वाकलीस, आणि तुझा सुरक्षापट्टा कशालाही अडकवलेला नव्हता.

हे लिहायचे नाही असे ठरवून बसले होते. तुझ्याशी त्या रात्री बोलले, मंगळूरला बोलले, कोचीला पुन्हा बोलले. तरी एकदा ऐक. बोट सहा नॉटने चालली असेल तर सेकंदाला तीन मीटरहून थोडी अधिक जाते, म्हणजे एका मिनिटात सुमारे एकशे पंच्याऐंशी मीटर. तेवढ्या अंतरावर लाटांत माणसाचे डोके तरंगत्या नारळाएवढेही दिसत नाही, आणि रात्री मुळीच नाही. तेव्हा आपण चौघे होतो, आता तुम्ही दोघी आहात. एक पहाऱ्यावर असताना दुसरी खाली झोपलेली असणार, आणि तिला कळणार तरी कधी?

त्यात परतीची वाट वेगळी आहे. दुपारनंतर वायव्येचा वारा थेट तोंडावर येईल, म्हणून तुम्ही मध्यरात्रीनंतर सुटणारा मतलई वारा धरून, किनाऱ्याच्या जवळून, सकाळ चढेपर्यंत चालणार आणि दुपारी नांगर टाकून विश्रांती घेणार. शहाणपणाचा बेत तोच आहे. पण याचा अर्थ असा की जाताना जितका काळोख आपण पाहिला, त्याहून किती तरी जास्त काळोखात तुम्हाला शिडे हाताळावी लागतील, आणि किनाऱ्याजवळ जाळीही अधिक. जाळे सुकाण्यात अडकले तर तू ओणवी होऊन पाहायला जाशील, हे मी आत्ताच पाहू शकते. कोठीतून बाहेर पाऊल टाकण्याआधी पट्टा अडकव, वारा पडलेला असला तरी अडकव, लघवीला उठलीस तरी अडकव.

शिक्षिकेची सवय जात नाही, रागावू नकोस. तुला समुद्र कळतो, माझ्यापेक्षा अधिक कळतो. २०१७ साली सहा जणींना घेऊन नौदलाची शिडाची बोट तारिणी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा तू कपाटाच्या दारावर तिचे चित्र लावलेस आणि तुझे बाबा म्हणाले, ही पोरगी आता घरात राहायची नाही. ते हसून म्हणाले होते, आणि मग रात्री बराच वेळ ओटीवर बसून राहिले होते. आज त्यांना तू विजयदुर्गाच्या खाडीत शिडावर बोट आत आणताना दिसायला हवी होतीस. मी कोळीवाड्यात ते दहा जणांना सांगून झाले आहे, पुढेही सांगणार आहे.

खालच्या कप्प्यातल्या जुन्या पट्ट्याच्या आकड्याची कमान सैल आहे, तो वापरू नका. दोन आकड्यांचा नवा पट्टा कुरिअरने कोचीला पाठवला आहे. एक आकडा सोडण्याआधी दुसरा अडकवता येतो. तो मिळाल्याशिवाय निघू नका, त्यासाठी दोन दिवस थांबावे लागले तरी चालेल. रत्नागिरीला कधी पोचाल त्याचा अंदाज आला की कळव, मी मिरकरवाड्याला येईन. रुहीला सोड्याची खिचडी हवी होती, डबा घेऊन येते.

तुझी,
आई