लाइपझिगहून घरी: पाहिलेल्या सिनेमांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या फोनवर बाबांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी तिकडे करतेस काय? मी म्हटलं, सिनेमे पाहून राहिले. कोणते, असं आईनं विचारलं आणि तेवढ्यात आजीनं फोन घेतला. मग पुढचा सगळा वेळ मी काय जेवते आणि काय जेवत नाही यात गेला. म्हणून हे पत्र. दादानं ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधे मधे स्वतःची मतं घुसडू नयेत.

इथं सिनेमाला जायचं म्हणजे वेगळाच कारभार. बाहेरचे सिनेमे बहुतेक जर्मनमध्ये डब करूनच लावतात. मूळ भाषेत पाहायचा असेल तर जाहिरातीत ‘ओएमयू’ शोधायचं, म्हणजे खाली जर्मन ओळी येतात. पॉपकॉर्न मागितला की गोड हातात पडतो. हो आजी, साखरेचा. लोक बियरची बाटली घेऊन आत बसतात, आणि सिनेमा संपल्यावर नावं पार वर सरकेपर्यंत पुष्कळ जण हलत नाहीत. हिंदी सिनेमात पडद्यावर ‘इंटरव्हल’ येतं आणि पुढच्या क्षणी सिनेमा सुरूच. आपल्या नागपूरच्या सीताबर्डीचं पब्लिक असतं तर बोंबाबोंब झाली असती. ज्या गावात व्हरायटी चौक न् पंचशील चौक अशी टॉकीजची नावं चौकांना आहेत, तिथल्या माणसाला समोसा न खाऊ देता सिनेमा दाखवायचा म्हणजे काय!

तर पहिला, ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. पायल कपाडियाचा. 2024 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी गेला होता, हे सगळं बाबांनी पेपरात वाचलंच असेल. माझ्या डोक्यात राहिला तो त्यातला राइस कुकर. मुंबईत नर्स असलेल्या प्रभाचा नवरा जर्मनीत आहे. वर्ष होऊन गेलं, त्याचा फोन नाही. एक दिवस घरी नवाकोरा कुकर येतो, मेड इन जर्मनी, सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती फरशीवर बसून तो कुकर कवटाळते. थिएटरात मागे कोणीतरी खुदकन हसलं, आपल्या देशाचं नाव वाचून असेल. मला काही हसू येईना. आई, मी दिवाळीत मिक्सर पाठवला होता, त्यात चिठ्ठी होती ना? होती, मला माहीत आहे. तरी सिनेमा सुटल्यावर आधी तुलाच फोन लावला होता, आणि तू म्हणालीस, इतक्या रात्री काहून?

त्यात छाया कदमची पार्वती आहे, दवाखान्यात स्वयंपाक करणारी. नवरा गिरणीत होता. बावीस वर्षं त्या खोलीत काढली, पण ती खोली आपली म्हणून दाखवायला एक कागद नाही, म्हणून बिल्डर तिला हुसकतो. ती रडत बसत नाही. बिल्डरच्या होर्डिंगवर दगड भिरकावते आणि सामान बांधून कोकणातल्या गावी निघते. तिचं मराठी कानावर पडलं आणि खालच्या जर्मन ओळी वाचायचं मी सोडूनच दिलं. समुद्राकाठचा शेवटचा भाग मात्र मला ताणल्यासारखा वाटला. बुडालेल्या माणसाला प्रभा वाचवते आणि मग तो तिच्या नवऱ्यासारखा बोलायला लागतो. ते स्वप्न की खरं, यात मी अडकून पडले. माझ्या मैत्रिणीला नेमका तोच भाग सगळ्यात आवडला. असो.

आता आईचा ‘लापता लेडीज’. तुझ्या मते त्या वर्षी ऑस्करला तोच पाठवला ते बरोबर झालं. मला नाही पटत. चांगला आहे, नाही म्हणत नाही. त्यातही छाया कदमच आहे बघ, स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई, आणि हरवलेली नवरी फूल तिथं कलाकंद करते, त्याचे पहिल्यांदा स्वतःचे पैसे हातात घेते, ती जागा फार सुंदर जमली आहे. पण शेवटाला सगळं कसं व्यवस्थित लागतं. लाच खाणारा ठाणेदार ऐन वेळी देवमाणूस होतो, सगळ्यांना सगळं मिळतं. रवि किशनमुळे ते चालून जातं, दुसरा कोणी असता तर चाललं नसतं. तू म्हणशील, पोरी, दिवसभर राबून आल्यावर माणसानं हसू नये का? हसावं ना. पण मग ‘डोळ्यात पाणी आलं’ म्हणून सांगू नये.

त्यानंतर ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आग्रहानं ‘परफेक्ट डेज’ पाहायला लावला. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, सिनेमा जपानी. टोकियोतली सार्वजनिक संडासं साफ करणाऱ्या हिरायामाची गोष्ट. गोष्ट तरी कसली! पहाटे रस्ता झाडण्याचा आवाज आला की तो उठतो, मिशी कातरतो, झाडांवर पाणी फवारतो, मशीनमधून कॉफीचा डबा घेतो, गाडीत कॅसेट लावतो आणि कामाला जातो. भांड्याच्या कडेखाली दिसत नाही तिथं छोटा आरसा धरून पाहतो, घाण राहिली की काय. कोजी याकुशोला या कामासाठी 2023 ला कानमध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि मिळायलाच हवं होतं. आजीला काय लावून देऊ, असं दादा विचारत होता ना? हाच दे. यात बोलणं इतकं कमी आहे की ऐकू आलं नाही तरी काही बिघडत नाही.

मला सिनेमा आवडला आणि दोन दिवसांनी त्याचा राग यायला लागला. कारण ती संडासं पाहा ना. टोकियोतल्या शिबुया भागात तादाओ आंदो, शिगेरू बान अशा मोठमोठ्या वास्तुकारांकडून मुद्दाम बांधून घेतलेली. एकाच्या काचेच्या भिंती आरपार दिसतात आणि आतून कडी लावली की अपारदर्शक होतात. असल्या ठिकाणी कामाचा अभिमान बाळगणं सोपं आहे, असं मनात आलं. माझा सहकारी म्हणाला, साधेपणातलं सुख आहे ते. मी म्हटलं, तू माझ्याबरोबर एक मराठी सिनेमा पाहा.

आणि त्याला ‘कोर्ट’ दाखवला. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा. मी कॉलेजात असताना अर्धवट पाहिला होता. बाबा, तुम्हाला आठवेल, त्यातले शाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचेच वीरा साथीदार, 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले ते. शाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं जीव दिला. खटला चालतो, चालतो, तारखा पडतात. आणि मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. आवाज न चढवता सांगते. तो उतरण्याआधी मॅनहोलमध्ये दगड टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. वायूनं एक डोळा गेलेला होता. हातमोजे, मास्क, काही नाही. अशा कामाला माणूस लावायला बंदी करणारा कायदा 2013 मध्ये झालेला आहे, आणि सिनेमा त्याच्या पुढच्या वर्षीचा.

बाई बोलत असताना माझा सहकारी हळूच म्हणाला, हिरायामाकडे आरसा होता. त्यापुढे आम्ही दोघंही बोललो नाही.

‘कोर्ट’मधली मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र वेगळीच आहे. सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती शाहिराला आत टाकायला उभी. तिथून निघाली की लोकलच्या बायकांच्या डब्यात तेलाबिलाच्या गप्पा, पोराला पाळणाघरातून घेणं, घरी येऊन स्वयंपाक, वाढणं, मग कागद उघडून उद्याची तयारी. आई, तू ऑफिसातून येऊन पदर खोचून उभी राहायचीस, अगदी तशी. म्हणजे तिच्यावर चिडायचीही सोय नाही. दिग्दर्शकानं ती बाई वाईट दाखवली असती तर मी सिनेमा सुटल्यावर विसरले असते. शेवट मी सांगत नाही. एवढंच सांगते की कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जजसाहेब सहलीला जातात. सिनेमा संपल्यावर बाबा ‘हे काय, संपला?’ म्हणतील, ते मला आत्ताच ऐकू येतं आहे.

मग ‘झुंड’. आला तेव्हा, 2022 च्या मार्चमध्ये, दादानं पहिल्याच आठवड्यात पाहून ‘आपले पोट्टे आहेत बे’ असा मेसेज टाकला होता. मी आत्ता लॅपटॉपवर पाहिला. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यावर बेतलेला, अमिताभ बच्चन त्यांच्या जागी, पण खरा सिनेमा त्या पोरांचाच. डॉन झालेला अंकुश गेडाम हा नागपूरचाच मुलगा, त्याला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. ती पोरं जशी बोलतात, जशी कोपऱ्यावर उभी राहतात, तसं दिग्दर्शक नागराजनं आणून ठेवलं म्हणून मी जागची हलले नाही. नाहीतर सिनेमात वऱ्हाडी-नागपुरी माणूस आला की समजायचं, आता हा विनोद करणार. इथं कोणी हसवायला म्हणून बोलत नाही. झोपडपट्टी विरुद्ध कॉलेज ही मॅच तर मी दोनदा पाहिली.

तक्रारीही आहेत. जवळजवळ तीन तासांचा आहे. आकाश ठोसरचा संभ्या आणि डॉन यांची दुश्मनी कापली असती तरी कोणाला कळलं नसतं. बच्चन भाषण करायला लागले की नागराज मंजुळेंचा सिनेमा थांबतो आणि सभा सुरू होते.

पण त्यात रिंकू राजगुरूची मोनिका आहे. गोंड मुलगी, परदेशात खेळायला निवड झालेली. पासपोर्टसाठी ओळख सिद्ध करायची आहे आणि बापलेक नुसते कागदासाठी वणवण फिरतात. हा दाखला आणा, त्यासाठी तो दाखला आणा. मूळ गोष्टीशी त्याचा संबंध थोडाच आहे, टीकाकारांनी म्हटलंही असेल की हे कशाला. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात खरा भाग तोच. बाबा, माझ्या पासपोर्टच्या वेळी जन्मदाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकली होती, तेव्हा तुम्ही दोन सीएल टाकून, जेवणाचा डबा घेऊन त्या खिडकीसमोर बसला होतात. आणि तुम्ही तर स्वतः सरकारी नोकर, कुठल्या टेबलावर काय लागतं ते माहीत असलेले. मोनिकाच्या बापाला तेही माहीत नाही. इथं राहण्याचा परवाना वाढवायला मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद क्रमानं लावून जाते ना, ते तुमच्याकडून उचललेलं आहे. रांगेत एखादा सीरियन म्हातारा सुट्या कागदांची चळत घेऊन उभा असतो, तेव्हा पार्वती आठवते, मोनिका आठवते.

बाकीचं भरभर लिहिते, नाहीतर दादा वाचताना पानं गाळेल.

‘छावा’ पाहिला. विकी कौशल जीव तोडून काम करतो. अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलतो म्हणून जास्त भीती वाटते. पण संगीत रहमानचं असूनही जागेवर नाही, आणि शेवटचा छळ इतका लांबवला आहे की दुःखापेक्षा शीणच येतो. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजा होता तो; त्याचा एखादा दिवस लिहिण्या-वाचण्याचा, कारभाराचा दाखवायला काय हरकत होती? बाबा, कपाटातल्या शिवाजी सावंतांच्या कादंबरीत जेवढा माणूस भेटतो तेवढा पडद्यावर भेटला नाही. दादाला हे पटणार नाही, माहीत आहे.

गायक वसंतराव देशपांडेंवरचा ‘मी वसंतराव’ तुमच्यासाठी पुन्हा पाहिला. आईनं एकटीनं नागपुरात वाढवलेला मुलगा आणि पुण्याची ती लष्करी हिशेबखात्यातली नोकरी, गाणं डोक्यात आणि समोर आकड्यांची वही. हा भाग सुरेख आहे. अनिता दातेची आई तर फारच. राहुल देशपांडे गातो तेव्हा काही बोलायचं नाही, पण आजोबांची भूमिका नातवानं करताना जरा आदबच जास्त झाली आहे. वसंतराव स्वतः इतके अदबशीर गायचे नाहीत, असं तुम्हीच सांगता. देशपांडे सभागृहात परत एखादी मैफल झाली तर मला कळवा, निदान रेकॉर्डिंग तरी पाठवा.

पुढच्या आठवड्यात काय पाहू ते सुचवा. एक अट, हिरोनं परदेशातून गावी परत येऊन सगळ्यांना शहाणं केलं, असला सिनेमा नको. तसले तीन पाहून झालेत आणि तिन्हींत त्या माणसाला कधी व्हिसाची चिंता नव्हती. आई, ‘लापता’वरचं तुझं उत्तर सविस्तर येऊ दे, ‘मला आवडला’ एवढ्यावर सोडणार नाही. बाबांना ‘कोर्ट’ दुपारी लावून दे, जेवणानंतर नको. आणि सांबारवडीला कोथिंबीर किती लागते ते वजनात लिही, जुडी इथल्या दुकानात फारच किडमिडी मिळते.

आजीला नमस्कार.

तुमची,
धाकटी